मालकांचं मौन

उभ्या कोल्हापुरात खरं बोलून लोकांना एवढा ताप दुसऱ्या कुणी दिला नसेल, जेवढा आमच्या मालकांनी दिला. भांड्यांच्या पेठेत त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक चांगली झगझगीत कळशी उचलायचं, बोटानं वाजवून बघायचं, आणि नको तो प्रश्न विचारायचं, "अण्णा, टिकंल न्हवं?" आता यावर जगातला कुठलाही दुकानदार "नातवंडं वापरतील" म्हणून मोकळा होईल. मालक कळशीकडं बघायचे, मग गिऱ्हाइकाच्या कडेवरच्या पोराकडं बघायचे आणि म्हणायचे, "गळायची न्हाय. पण पोचा येणार. हे पोरगं आपटणार की! आनि जाड पत्रा पायजे तर समोरच्या दुकानात हाय." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. आत पडद्याआड अक्का, म्हणजे मालकांच्या घरच्या, कपाळावर हात मारून घ्यायच्या, त्याचा आवाज बाहेर गल्ल्यापर्यंत यायचा. तरी दुकान चालायचं, कारण हा माणूस ज्या भांड्याला चांगलं म्हणाला ते चांगलंच, हे पंचगंगेच्या अलीकडं-पलीकडं सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तो फार थोड्या भांड्यांना चांगलं म्हणायचा.

मी या दुकानात आलो तो तापातून. परभणीकडचा मी. सातवीत शाळा सोडली, बोअरच्या गाडीवर कामाला लागलो, आणि गाडी फिरत फिरत कोल्हापुरात आली तेव्हा तापानं फणफणलो. गाडी पुढं गेली, मी दुकानाच्या पायरीवर राहिलो. मालकांनी विचारपूस केली नाही, जात विचारली नाही, गाव तेवढं विचारलं आणि म्हणाले, "लांबून आलाईस. वर माळ्यावर जागा हाय. उंदरं हाईत, आधीच सांगतो." उंदीर खरंच होते. बरा झाल्यावर मी तिथंच राहिलो. इतकी वर्षं झाली, तरी मालकांनी "इकडं ये रं" अशी हाक मारली की माझं लक्ष आधी माळ्यावरच्या पिशवीकडं जायचं. वाटायचं, आता म्हणतील, झालं, जा आपल्या गावाला. ते म्हणायचे, "ही परात उचल."

मालक जैन. पाणी गाळून प्यायचे, चालताना खाली बघून चालायचे, आणि लग्नकार्याला मोठे हंडे, पातेली भाड्यानं द्यायचे ती एकाच अटीवर. "बकरं हाय काय?" असं ते आधी विचारायचे, आणि "हाय" म्हटलं की हात जोडायचे. कोल्हापुरात राहून ही अट घालायची म्हणजे पावसाळ्यात दुकान उघडून छत्री विकणार नाही म्हणण्यासारखं. त्यांचे जवळचे मित्र, दुधाची डेअरी चालवणारे, तालमीत अंग कमावलेले, यांनी पोरीच्या लग्नाआधी पूजेचं जेवण, लग्नानंतर बकऱ्याचं, अशी विभागणी करून बघितली. मालकांनी पूजेला हंडे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः जाऊन मांडवातून उचलून आणले. मित्र वर्षभर बोलला नाही. वर्षानंतर बोलला तोही जंगलामुळं.

कारण मालकांचं खरं दुकान जंगलात होतं. गारगोटीच्या पुढं, घाटमाथ्यावर जे जंगल आहे, त्याच्यासाठी त्यांनी एक मंडळ काढलं होतं. मंडळाचं रीतसर नाव लांबलचक होतं, पेठेत सगळे त्याला जंगलाचं मंडळ म्हणत. दर रविवारी जायचं, आलेल्या लोकांना वाट दाखवायची, त्यांनी टाकलेल्या बाटल्या उचलायच्या, पाणवठ्यातला गाळ काढायचा, उन्हाळ्याच्या तोंडावर वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे कापायचे. मंडळात जेवढी माणसं तेवढी पदं होती. डेअरीवाले उपाध्यक्ष. गाळ काढायला हात कमी पडत, पण गाळ काढून झाल्यावर सत्काराला हार कधी कमी पडले नाहीत. एकदा पाणवठ्याच्या काठावर शाल-नारळ देऊन एकमेकांचा सत्कार चालला असताना समोरच्या झाडीतून भेकर येऊन उभं राहिलं, टाळ्या झाल्या आणि ते पळालं. मालक म्हणाले, "पाणी प्यायला आलतं बिचारं. त्येलाच नारळ द्यायचा."

मालकांची जंगलातली वागणूक हा स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात पायाला जळवा लागल्या की सगळे मीठ शोधायचे, तंबाखू चोळायचे. मालक दगडावर बसून जळू पिऊन टम्म होईपर्यंत वाट बघायचे. "पिऊ दे की," म्हणायचे, "आपण तिच्या दारात आलोय. पावण्यानं मोकळ्या हातानं यायचं असतंय व्हय?" रक्तानं भरलेलं धोतर बघून परत येताना एसटीच्या कंडक्टरनं एकदा पोलिसांत जायला सांगितलं होतं.

मंडळाची बातमी दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागायची. आमच्या पेठेत तालमीचा फळा, गणपती मंडळाचा फळा, तसा हा जंगलाचा फळा. माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्या हातात आणि मजकूर मालकांचा. त्या फळ्यानं मंडळात जेवढी भांडणं लावली तेवढी निवडणुकीनंही लावली नसती. "गेल्या रविवारी जंगलात काहीही दिसले नाही, कारण उपाध्यक्ष गात होते." किंवा, "एका पाहुण्याने हिरड्याच्या झाडावर नाव कोरले. पाहुणे उपाध्यक्षांचे मेव्हणे आहेत." उपाध्यक्ष दूध घालून येताना सायकल थांबवायचे आणि फळ्यासमोर उभं राहून ओरडायचे, "अण्णा, मी काय इतकं वाईट गातोय व्हय?" मालक आतून, "मी वाईट कुठं म्हटलंय? मोठ्यानं म्हटलंय!"

याच फळ्यानं घात केला. मालकांनी एकदा आनंदाच्या भरात लिहायला लावलं, की सकाळच्या वेळी पाणवठ्यावर गवे येतात. खरं होतं. पण पुढच्या रविवारी निम्मी पेठ मॅटाडोर भरून जंगलात. कुकर, स्टोव्ह, टेपवर गाणी, आणि गव्यांचा कळप दिसताच अशी शिट्टी पडली, की तशी कुस्तीच्या मैदानातही पडत नाही. कळप उधळला. वनखात्याचे रेंजरसाहेब नेमके तिथं होते. ते मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडं बघून हा एक डाव सोडतो. पुन्हा ही जत्रा आत घुसली, तर तुमच्या मंडळाची परवानगी गेली म्हणून समजा, आणि गेट सगळ्यांनाच बंद." परत येताना मालकांनी गेटपर्यंतच्या बाटल्या एकट्यानं उचलल्या. रविवार गेला तर या माणसाकडं आठवड्याचं काय उरणार होतं, हे माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

त्यानंतर माघातल्या थंडीत एका सोमवारी दुकानात फोन वाजला. पलीकडं जंगलातला वनरक्षक, तो एवढ्या मोठ्यानं बोलायचा की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. पाणवठ्याजवळ, वाटेला अगदी लागून, गव्याची मादी व्याली होती. बछडं अजून धड उभं राहत नव्हतं. माणसं गेली तर मादी अंगावर येईल, नाहीतर पिल्लाला टाकून जाईल. पिल्लू चालायला लागून कळपात जाईपर्यंत, निदान येता रविवार तरी, तिकडं कुणी फिरकता कामा नये.

मालकांनी फोन ठेवला. मी सवयीनं खडू घेऊन उभा. "काय लिहू?" मालक माझ्याकडं बघत राहिले. खरं लिहावं तर मॅटाडोर. "काही नाही" लिहावं तर खोटं. नुसतं "येऊ नका" लिहावं, तर का म्हणून विचारायला अख्खी पेठ दारात. त्यांनी एकदा फळ्याकडं पाहिलं, एकदा वर छताकडं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मौन घेतलं.

"कुणाला इचारून?" अक्का बाहेर आल्या. मालकांनी हात जोडले. "आनि धंदा कोण करायचा? हे लांबचं पोरगं? ह्याची भाषा कुणाला कळती हितं?"

धंदा मालकांनीच केला, खुणांनी. गिऱ्हाइकानं कळशी उचलली की मालक मुठीनं पोचा कसा येईल ते दाखवायचे, मग समोरच्या दुकानाकडं बोट करायचे. तोंड बंद झालं तरी खरेपणा काही थांबला नाही. पण फळा कोरा राहिला, आणि कोऱ्या फळ्यानं जे केलं ते लिहिलेल्या फळ्यानं कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी पेठ म्हणाली, अक्कांशी वाजलंय. दुसऱ्या दिवशी, घशाचं काहीतरी मोठं निघालंय. पुढं कुणीतरी मालकांचं मौन आणि जंगलाचा फळा एकत्र केले, आणि वाघ जन्माला आला.

उपाध्यक्ष दुकानात येऊन गल्ल्यावर ओणवे झाले. "अण्णा, मला एकट्याला सांगा. पट्टं हाईत का ठिपकं?"

मालकांनी हात जोडले.

"बघा!" उपाध्यक्ष रस्त्याकडं वळून ओरडले. "न्हाय म्हणाले न्हाईत! म्हंजे पट्टंच!"

शनिवारपर्यंत मॅटाडोर ठरल्या, बकरं ठरलं, पाणवठ्यावरच रस्सा शिजवायचा असंही ठरलं. मी घाबरून मालकांना म्हणालो, "आता तरी बोला, मालक. सांगून टाका बछड्याचं." त्यांनी मान हलवली. वाघासाठी येणारी पेठ बछड्यासाठी पोरंबाळं घेऊन आली असती, हे खरंच होतं. दुपारभर ते गल्ल्यावर बसून राहिले. मग उठले, माळ्यावर जाऊन मोठ्या हंड्यांवरचं फडकं काढलं आणि मला खाली उभ्या टेम्पोकडं बोट दाखवलं. मला काही उमगेना. अक्कांना उमगलं. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"त्यात बकरं शिजणार. कळतंय न्हवं तुमास्नी?"

मालकांनी मान खाली घातली.

अक्का पायरीवर बसल्या. मग पदरानं तोंड पुसून आत गेल्या आणि लांब दांड्याचा मोठा डाव घेऊन आल्या. "मग ह्यो बी न्या. न्हायतर भाजून घेत्याल हात, येडी माणसं."

रविवारी सकाळी जंगलाच्या गेटच्या बरंच अलीकडं, ओढ्याकाठच्या आमराईजवळ आम्ही टेम्पो रस्त्यात आडवा लावला. चुली मांडल्या, हंडे चढवले. मॅटाडोर आल्या, एकामागं एक. मालक पुढं होऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पाठीला हळूच ढकललं. म्हणजे बोलायचं मी.

"मालक म्हनायलेत की..."

"म्हनायलेत कुठं?" पहिल्या गाडीतून एक जण खिदळला. "त्यांचं तर मौन हाय! आनि हे कुठलं पावणं?"

"...की जेवण इथंच. मालकांच्या भांड्यात."

हसणं थांबलं. उपाध्यक्ष खाली उतरले. हंड्यांभोवती एक चक्कर मारली, कडांवरून हात फिरवला.

"अण्णा, ही तीच न्हवं? माझ्या पोरीच्या लग्नातनं पहाटं उचललेली?"

मालकांनी मान डोलावली.

"आनि आता बकऱ्याला?"

मालकांनी पुन्हा मान डोलावली. यावेळी त्यांना उपाध्यक्षांकडं बघवलं नाही. उपाध्यक्षांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला आजही सांगता येणार नाही. पण ते वळले आणि ज्या आवाजानं आजवर जंगलातलं एकूण एक जनावर पळवलं होतं त्याच आवाजात ओरडले, "उतरा रं सगळी! आज अण्णा जेवायला घालत्यात! वाघ काय पळून चाललाय व्हय?"

कोल्हापूरच्या माणसाला जंगलापासून अडवता येईल, पण चुलीवर चढलेल्या रश्श्यापासून नाही. तांबडा झाला, पांढरा झाला, दुपार झाली. रेंजरसाहेब कारवाईच्या तयारीनं जीपमधून आले, त्यांनाही पानावर बसवलं, आणि पांढरा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला. मग आंब्यांखाली सगळी पेठ आडवी झाली. उन्हं कलल्यावर एकाला वाघाची आठवण आली. "आता कशाला?" उपाध्यक्ष आळस देत म्हणाले, "त्यो बी झोपला आसंल." गाड्या आल्या तशा तोंडं फिरवून गेल्या. शिट्टी वाजली नाही. त्या दिवशी गेटपर्यंत एकही माणूस पोचला नाही.

हंडे मालकांनी माळ्यावर परत नेले नाहीत. उपाध्यक्षांच्या तालमीला देऊन टाकले. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर मादी आणि बछडं कळपात गेल्याची बातमी लागली, तेव्हा पेठेनं मालकांना आठवडाभर शिव्या घातल्या आणि मग त्या रश्श्याची आठवण काढून माफ केलं. मंडळाची परवानगी राहिली, रविवार राहिले. आता मालक नाहीत. दुकान अक्का बघतात, मी असतो. गिऱ्हाइकानं "टिकंल न्हवं?" विचारलं की मी कळशी पुसायला लागतो. तेवढं धाडस मला अजून जमत नाही.

पण मालक म्हटलं की मला दिसतो तो परतीचा टेम्पो. आम्ही दोघं मागं, खरकट्या हंड्यांच्या मधे बसलेलो. गारगोटी मागं पडली होती. मालकांनी दिवसभर अन्नाला हात लावला नव्हता आणि अंधार पडल्यावर ते जेवत नसत. अक्कांनी बांधून दिलेली भाकरी मी त्यांच्यापुढं केली. "खाऊन घ्या, मालक. दिवस मावळायलाय." त्यांनी फडकं सोडलं, बघितलं, पुन्हा बांधलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, घोगऱ्या आवाजात, बोलले.

"बकरं केवढं होतं रं?"

"मी नाही बघितलं, मालक. पाणी आणायला गेलतो ओढ्यावर."

"व्हय," ते म्हणाले. "मी बी पाठ केलती."

मग बराच रस्ता ते मागं पडणाऱ्या झाडांकडं बघत राहिले. सूर्य गेला. त्यांनी भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू खा. लांबचं पोर हाईस. उपाशी नकं राहू."

मी खाल्ली. ते बघत होते म्हणून सगळी खाल्ली.