सुलोचनाबाईंनी भागीत विकलेलं घर

नाचणगावच्या मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं शिकवून सुलोचनाबाई सत्तावन्न सालच्या जानेवारीत निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांना घरात चैन पडेनासं झालं. नवरा लग्नानंतर सहा वर्षांतच गेलेला, मूलबाळ नाही. थोरली बहीण यशोदा पवनारला एकटीच राहायची आणि तिला आताशा नीट दिसत नव्हतं. घर विकायचं आणि तिच्याकडे जायचं, एवढं पक्कं होतं. पण गिऱ्हाईक लागेना. छपराचे कवेलू सरकलेले, खालच्या लाकडी बल्ल्यांना वाळवी, मागच्या भिंतीला फुगारा आलेला. शेजारचे महादेवराव म्हणाले, "बाराशे देतो. याच्यावर कोनी छदाम नाई देनार."

त्याच सुमारास गुलाब मिस्त्री आला. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेला. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या.

"बाई, घर असंच विकाल तं मातीमोल जाईन," तो म्हणाला. "दुरुस्ती मी करतो. लाकूड, चुना, मजुरी, सारं माह्यं. विकलं का पयले बाराशे तुमचे. मंग माहा खर्च निघाला पायजे. वर राहीन ते अर्धं तुमचं, अर्धं माह्यं."

"आणि नाहीच विकलं तर?"

"तं मी बुडालो," गुलाब म्हणाला आणि भिंतीवर बोटाने टकटक करून पाहू लागला.

बाईंनी हो म्हटलं. कागद काही केला नाही.

कामाला लागल्यावर त्याने पुढच्या खोलीचं छप्पर उतरवलं आणि तिसऱ्या दिवसापासून तो दिसेनासा झाला. बाई स्वयंपाकघरात ट्रंका रचून राहत होत्या. पुढच्या खोलीत भर दुपारी ऊन उभं राहायचं, कावळे आत उतरायचे. बाई फाटकापर्यंत जायच्या, रस्ता पाहायच्या, परत यायच्या. निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच राहायचे. महादेवराव कुंपणावरून म्हणायचे, "गेला तो. आता बाराशेही मिळत नाई."

अकराव्या दिवशी बाईंनी चपला घातल्या आणि तडक त्याच्या वस्तीत गेल्या. त्याची बायको धुरपता अंगणात शेण कालवत होती. ती गडबडून उठली. "आर्वीले गेले ना बाई. पुलगावातलं लाकूड किडकं निंगालं. मनत होते, बाईच्या घराले असं नाई लावाचं."

बाईंचं लक्ष तिच्या मागे गेलं. ओसरी उघडी होती, नुसते बांबू दिसत होते.

"हे काय झालं?"

"कवेलू उतरवले. तुमच्याच घरावर चढनार हायेत. विकत घ्याले पैसा पुरला नाई."

बाई परत आल्या त्या जास्तच अस्वस्थ होऊन. आधी निदान रागवायला माणूस होता.

गुलाब आला, आणि दीड महिन्यात घर ओळखू येईना. सागाच्या बल्ल्या, सरळ भिंत, खाली फरशी. पुलगावचे कापसाचे दलाल बापूजी घर पाहायला आले. दोनदा फिरून पाहिलं आणि एकवीसशे बोलले. मग बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्रीसंग कागद केला काय?"

"नाही."

"मंग अर्धं काऊन देता? मजुरी द्या न मोकळ्या व्हा. अन् रजिस्ट्रीच्या दिवशी तो तिथं नको. घराले कोनाचा हात लागला, हे मले गावाले सांगाचं नाई."

बाईंनी त्यांना त्याच वेळी हाकलायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." आणि ते 'उद्या' त्यांना जाळत राहिलं. बाजारात गेल्या, काय घ्यायचं ते विसरल्या. मनात बेरजा आपोआप होत होत्या. पेन्शन तुटपुंजी, यशोदेचे डोळे, कागद नाही, विचारणार कोण? आपण असं मोजतो आहोत हे ध्यानात आलं की त्या उठून झाडू घ्यायच्या आणि झाडलेलीच फरशी पुन्हा झाडायच्या.

सकाळी त्या गुलाबच्या अंगणात उभ्या होत्या. "चल, वर्ध्याला जाऊ. आपल्या भागीचा कागद करायचा."

गुलाबचा चेहरा उतरला. "काऊन बाई? माह्यावर भरोसा नाई?"

"तुझ्यावर आहे रे," बाई म्हणाल्या. "माझ्यावर नाही."

स्टांपावर दोघांच्या सह्या झाल्या. बापूजींना बाईंनी सांगितलं, रजिस्ट्रीला मिस्त्री माझ्या शेजारी बसेल. ते आलेच नाहीत. दुसरं गिऱ्हाईक मिळायला महिना लागला. मृग तोंडावर आला, तशी रोज आभाळ पाहताना बाईंना गुलाबची ती उघडी ओसरी दिसायची. अखेर दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने साडेअठराशेला घर घेतलं. बापूजींच्या आकड्यापेक्षा बरंच कमी. गुलाबच्या हाती खर्च जाऊन सव्वाशे आले. "ठीक हाये," एवढंच तो म्हणाला आणि थेट कवेलूंच्या भट्टीकडे गेला.

बाई पवनारला गेल्या. पहिले काही दिवस त्या धाम नदीच्या काठापर्यंत उगाच जाऊन येत.

"घर सुटलं म्हनून करमत नाई काय?" यशोदेने एकदा विचारलं.

"घराचं नाही गं. त्या एका दिवसात मी किती लांब जाऊन आले, ते कोणाला सांगू?"

यशोदेला काही कळलं नाही. तिने हात पुढे केला, आणि बाई तिला धरून अंगणात घेऊन आल्या.