वाघमारेभाऊंची लाल चिठ्ठी

वाघमारेभाऊ गेल्याचं मला भोसरीतल्या आम्हा वर्कशॉपवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर कळलं. वर कुणाचं तरी गुलाबाचं सुप्रभात, खाली जुनं लेथ मशीन विकणे आहे, आणि मधे त्यांचा फोटो. त्या फोटोखाली सगळ्यात आधी हात जोडले होते ते आमच्या कॉम्प्युटर दुकानदाराने. ते जोडलेले हात बघून मला किळस आली. दीड महिना होत आला, अजून गेलेली नाही. आणि ती सगळी त्याचीच आहे असंही नाही... निम्मी माझी स्वतःची आहे, म्हणून तर लिहायला बसले.

आमचं वर्कशॉप लहान. चाकणच्या कंपन्यांना लागणारे बुश, पिना असले सुटे भाग आम्ही बनवतो. मशीनचं सगळं नवरा बघतो. कॉम्प्युटर, ड्रॉइंग आणि कंपन्यांशी बोलणं माझ्याकडे. भाऊ त्यातल्याच एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते, म्हणजे आमची ओळख झाली ती आमचा माल नापास करणारा माणूस म्हणून. मूळचे बीडकडचे, घर दिघीला. रिटायर झाल्यावर मीच त्यांना गळ घातली आणि ते रोज सकाळी आमच्याकडे तपासणीला येऊ लागले. महाचिकित्सक माणूस. आमच्या पुतणीची लग्नपत्रिका हातात दिली तर त्यांनी आधी तारीख कॅलेंडरशी ताडून बघितली, आणि वार चुकलेला निघाला! नापास मालाला ते लाल चिठ्ठी बांधत. तिच्यावर तीन रकाने : दोष, कारण, जबाबदार. तिन्ही भरल्याशिवाय चिठ्ठी बांधायची नाही हा त्यांचा नेम, आणि सबंध नोकरीत तो मोडला नाही असं ते अभिमानाने सांगायचे.

आमचा कॉम्प्युटरवाला नवीन मशीन आणून द्यायचा तेव्हा म्हणायचा, "मॅडम, काळजी नको, सगळं टाकून देतो." सगळं म्हणजे कुलूप तोडलेली, चोरीची सॉफ्टवेअरं. भाऊंनी एकदा त्याला विचारलं, हे कुठून आणलं, कुणी बनवलं. तो हसून म्हणाला, काका, अख्ख्या भोसरीत हेच चालतं. तो गेल्यावर भाऊंनी आमच्या सीपीयूला लाल चिठ्ठी बांधली आणि म्हणाले, टाकून देतो म्हणतोय ना, मग टाकूनच द्यायचं. कामगार हसले, मीही हसले. पण पुढच्या महिन्याभरात या माणसाने वहीत लिहून लिहून लिनक्स शिकून घेतलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची सिस्टिम, जिचा कोड कुणालाही वाचायला खुला असतो. मी म्हटलं, भाऊ, फुकटच्या वस्तूवर तुम्ही कसा काय विश्वास टाकता?

"फुकट हाय म्हणून न्हाई, ताई. आत बघता येतंय म्हणून म्हणायलोय. मला कुठं वाचता येतंय ते? पण ज्याला येतंय त्याला कुणी अडवत न्हाई."

उतरवून घेतलेली फाइल अस्सल आहे का, हे बघायला चौसष्ट अक्षरांचा एक लांबलचक आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवावा लागतो. कॉम्प्युटर ते क्षणात करून देतो. भाऊंनी मात्र मला मोबाइलवरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः कागदावर एकेका अक्षराखाली पेन्सिलीने टिंब देत बसले. मी वैतागले तर म्हणाले, ज्याची तपासणी त्यालाच विचारायचं व्हय? त्यानंतर आमचे दोन्ही कॉम्प्युटर लिनक्सवर वर्षभर सुरळीत चालले.

मग माती खाल्ली ती मी. एका कंपनीकडून आलेलं ड्रॉइंग उघडेना, सॅम्पल दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि भाऊ लग्नाला गावी गेलेले. त्यांना एक फोन करायचा, तर मी दुकानदाराला बोलावलं. त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स पुसून नेहमीची सिस्टिम घातली, त्यावर त्याचं ते 'सगळं', आणि म्हणाला, मॅडम, व्हायरस पकडणारं थोडा वेळ बंद करतो, नाहीतर ते हे पकडतं. पकडतं म्हणून बंद करतो... आणि मी मान डोलावली. आठवलं की आजही तोंड कडू होतं. तीन दिवसांत त्या चोरीच्या मालातून आत शिरून, पैसे उकळायला कुणीतरी आमची सगळी ड्रॉइंग कुलूपबंद केली होती. कायम जोडूनच ठेवलेल्या जादा प्रतींच्या डिस्कवरचीसुद्धा.

भाऊ परतले तेव्हा मी सहा कामगारांसमोर त्यांना म्हणाले, "तुमच्या त्या फुकटच्या सिस्टिमपायी हे झालं."

भाऊ अर्धा तास तो कॉम्प्युटर बघत बसले, त्याला लाल चिठ्ठी बांधली आणि रॅककडे गेले. प्रत्येक जॉबचा पहिला नग आम्ही नमुना म्हणून जपून ठेवतो. ते नग एकेक काढून, व्हर्नियरने मापं घेऊन त्यांनी आमची सगळी ड्रॉइंग नव्याने काढली. अडीच महिने लागले. मी रोज त्यांना चहा देत होते आणि रोज गप्प बसत होते. चिठ्ठीवर माझं नाव असणार, म्हणून ती न वाचताच काढून ड्रॉवरमध्ये कोंबली होती. त्यांनी कधी विचारलं नाही की चिठ्ठी कुठे गेली.

भाऊ गेल्यावर दिघीला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, बाबांचा कॉम्प्युटर आम्हाला कुणाला कळत नाही, तुमच्या त्या दुकानवाल्याला बोलावलंय, सगळं नवीन टाकून देतो म्हणाला. त्याला नको बोलावू, मी शिकवते म्हटलं, आणि रविवारी जाऊन बसले. लिनक्सची नवी आवृत्ती उतरवली तर वहिनी, भाऊंच्या पत्नी, आपण होऊनच तो लांबलचक आकडा वाचू लागल्या. भाऊंना त्याच वाचून दाखवायच्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"ताईच्या हातचं पुन्हा बघावं लागत न्हाई, म्हणायचे."

मला मान वर करवेना.

सोमवारी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली. दोष : ड्रॉइंग बंद. कारण : न तपासलेला माल आत घेतला. खाली त्यांची सही. जबाबदारचा रकाना कोरा होता.

मी त्यात माझं नाव लिहिलं, कामगारांना बोलावून वाचून दाखवलं आणि चिठ्ठी पुन्हा त्याच कॉम्प्युटरला बांधली. ती तिथेच आहे.