दिघेमास्तरांची दुर्मिळ माती

दिघेमास्तर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ लॅबोरेटरीत क्षार आटवत बसायचे. मी त्यांचा असिस्टंट. इतक्या वर्षांत क्षार साचला चिमूटभर, किस्से मात्र पोतंभर! मी चार माणसांत बसलो की एकातून दुसरा निघतोच.

*

मुळात घोळ झाला तो नावाचा. इंग्रजी पुस्तकांत ‘रेअर अर्थ’ म्हणतात त्या द्रव्यांना मास्तरांनी मराठी नाव दिलं, ‘दुर्मिळ माती’. महाराजांना कुस्तीचं वेड, त्यामुळे कोल्हापुरात माती म्हणजे एकच, तालमीच्या हौद्यातली. प्रोफेसर मातीवर संशोधन करतोय म्हटल्यावर पेठेत आमचा भाव एकदम वधारला.

शेजारच्या तालमीचे यूनुस वस्ताद मुद्दाम भेटायला आले. हौद्यात ताक किती घालावं, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी कसलाही खुलासा न करता नमुना मागवला, त्याला लिटमस लावला आणि गंभीरपणे सांगितलं, “अजून दोन तांबे चालतील.”

*

खरी माती यायची त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून. वाळूच ती, पण भलती जड. स्टेशनवर हमालानं लहानशी पिशवी एका हातानं उचलायला घेतली आणि खालीच बसला.

“पावणं, सोनं हाय काय ह्यात?”

वाळू आहे, म्हणून सांगितलं. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग आमच्या पंचगंगेच्या वाळूनं काय घोडं मारलंय?”

*

ह्या वाळूतली द्रव्यं जुळ्या भावंडांसारखी. वेगळी करायची तर विरघळवा, आटवा, खडे काढा, उरलेलं पाणी दुसऱ्या बशीत ओता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मास्तरांना हवा होता त्यातला एक गुलाबी क्षार, अगदी निर्मळ. बशा कमी पडल्या की ते घरची भांडी उचलायचे. एकदा मोठी परात घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना दारातच गाठलं.

“लोक आटवून बासुंदी तरी करतात. माझ्या परातीला हात लावायचा नाही!”

मास्तर परात ठेवून निघाले.

*

वस्तादांच्या पठ्ठ्याची मोठी कुस्ती ठरली. हौद्यात घालायला ओंजळभर दुर्मिळ माती द्या, म्हणून वस्ताद हटून बसले. मास्तरांना नाही म्हणणं कधी जमलंच नाही; ओंजळभर वाळू हौद्यात गेली. पठ्ठ्यानं पंजाबी मल्लाला अस्मान दाखवलं! तेव्हापासून वस्ताद आमच्या लॅबोरेटरीच्या पायरीला हात लावल्याशिवाय पुढं जात नसत.

*

मग विलायतेत लढाई जुंपली आणि वाळू येणं बंद झालं. होती ती वापरून मास्तरांनी गुलाबी क्षार शेवटच्या बशीपर्यंत आणला. आणि त्याच दिवशी बशी तडकली. सगळा क्षार शेगडीच्या राखेत गेला. मास्तर खाली बसून तुकडे गोळा करत राहिले. “ओंजळभर वाळू असती, तरी पुन्हा सुरुवात केली असती,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी वस्ताद भेटले, तेव्हा त्यांच्यापाशी मन मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घरावरून वाजतगाजत बैलगाड्या आल्या आणि कॉलेजच्या फाटकात थांबल्या. वस्तादांनी अख्खा हौदा उपसून आणला होता! पैलवानांनी व्हरांड्यापुढं लाल मातीचा हा एवढा ढीग घातला. हळदीचा, तेलाचा, ताकाचा वास वर्गापर्यंत पोचला.

“मास्तर, तुमची ओंजळ ह्यातच हाय,” वस्ताद म्हणाले. “घ्या काढून. तुमचं कामच हाय की ते.”

मास्तरांनी ढिगातली चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. मग त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला.

“वाळू जड आहे. माती पाण्यात हिंदकळवली की वाळू तळाला बसेल,” ते म्हणाले. “पण तेवढं पसरट भांडं हवं.”

तेवढ्यात फाटकातून काकू येताना दिसल्या. त्यांच्या काखेत परात होती.