रमाकांतरावांना घाम येत नाही

माणसानं तुसडं असावं, पण त्याला काही सुमार? रमाकांतराव मूळचे चिपळूणचे, अठ्ठ्याऐंशीपासून सिल्वासाच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शेजारी गुजरातेत दारूबंदी, म्हणून रविवारी तिकडचे शौकीन इथल्या बारांत यायचे आणि संध्याकाळी एखादा तरी रस्त्यात आडवा व्हायचा. रमाकांतराव त्याला वळसा घालत आणि नाक्यावरच्या पानटपरीवाल्या सुकदेवला बजावत, "हात लावायचा नाही बरं का! पडू दे मेल्याला. माणूस नव्हे, उकिरडा आहे तो!"

सुकदेव धुळ्याकडचा, मान डोलवायचा.

त्यांची बायको सुलभा हे ऐकून ऐकून विटली होती. यांना स्वतःला मधुमेह, रोज सकाळी ती काचेची सिरिंज उकळून देणार तेव्हा यांचं इन्सुलिन पोटात शिरणार, आणि तोरा पाहावा तर असा! त्यात दर संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत कडकडीत उपास. इंजेक्शन मात्र रोजचं, रोजच्याइतकंच. "औषध चुकवायचं नसतं," असं तिलाच सुनवायचे.

शेवटी ती त्यांना ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. रमाकांतराव खुर्चीत रेलून म्हणाले, "पूर्वी उपासाला दुपारी दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. आता काही होत नाही. शरीर कह्यात आलंय."

डॉक्टर चपापले. "साहेब, मेंदूचं साखरेवाचून पाच मिनिटं भागत नाही. म्हणून साखरेवर नजर ठेवणाऱ्या काही पेशीच असतात मेंदूत. साखर उतरली की त्या बोंब मारतात. घाम, थरथर, धडधड ही त्यांचीच बोंब. पण वरचेवर साखर उतरत राहिली की त्यांच्या ते अंगवळणी पडतं, मग त्या गप्प बसतात. घाम येत नाही ही वाईट खूण आहे. उपास सोडा, आणि खिशात साखर ठेवा."

"खिशात साखर? मी काय बालवाडीत आहे?" बाहेर आल्यावर रमाकांतराव फिस्कारले. "आणि मेंदूत पेशी ओरडतात म्हणे! डिग्री कुठून आणली यानं?"

सुलभानं कपाळाला हात लावला. अडाणी माणसाला शिकवता येतं, या शहाण्याला कोण शिकवणार? तरी त्या दिवसापासून तिच्या स्वतःच्या पिशवीत ग्लुकोजच्या पावडरचा डबा आणि पाण्याची बाटली असायचीच.

पुढची संकष्टी आली. सकाळी इंजेक्शन, पोटात चहासुद्धा नाही. संध्याकाळी कचेरी सुटूनही नवरा घरी आला नाही, तेव्हा सुलभानं चपला चढवल्या. पिशवी उचलून ती नाक्याकडे धावत सुटली.

टपरीसमोर, गटाराच्या काठाला रमाकांतराव आडवे. शर्ट मातीनं माखलेला, तोंडातून असंबद्ध शिव्या. जवळच्या राखोली गावातल्या कारखान्यातून सुटलेले कामगार त्यांना वळसा घालून चालले होते. दोघं कचेरीतले कारकून, तेही लांबून गेले. एक तर हसत म्हणाला, "यांनीसुद्धा सुरू केली वाटतं!"

सुलभानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, गिळतायत हे पाहिलं आणि बाटलीत पावडर ढवळून घोट घोट पाजलं. मग ती टपरीकडे पाहून ओरडली, "अरे सुकदेव, डोळ्यासमोर माणूस पडलाय! हाक तरी मारायची!"

सुकदेव टपरीतून खाली उतरला. चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, मला वाटलं साहेब पिऊन पडले. आणि पिऊन पडलेल्याला हात लावू नको, असं साहेबच सांगायचे. दरवेळी सांगायचे."

तिनं बाटली पुन्हा नवऱ्याच्या तोंडाला लावली.

हळूहळू रमाकांतरावांच्या डोळ्यांत ओळख आली. ते उठून बसले, शर्टाची माती झटकली, इकडेतिकडे पाहिलं. जीव वाचला याचं काही नाही, बायकोची विचारपूस नाही. पहिला प्रश्न काय, तर "कुणी पाहिलं नाही ना?"

"सगळ्यांनी पाहिलं," सुलभा डब्याचं झाकण लावत म्हणाली. "पाहिलं आणि गेले."