खाली कोणाले उतरवू?

खिळेवाल्या बाई तोंडात खिळे धरून बोलत. एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात धागा असल्यामुळे खिळ्यांना दुसरी जागा नव्हती. अशा वेळी त्यांचे बहुतेक शब्द समोरच्याला कळत नसत. एक शब्द मात्र खिळ्यांमधूनही स्वच्छ ऐकू येई: "नाही."

सत्तरच्या दशकात सक्करदऱ्याच्या एका विणकर संघात त्या हंगामी नोकरीवर होत्या. संघातल्या संस्थांच्या क्रमवारीचा तक्ता करणे हे त्यांचे काम. आधीचे तक्ते कागदावर उभे खांब काढून होत. बाईंनी ते काढून टाकले. "खांबावरून कोण मोठं, ते समजते. कोण कोणाले मागं टाकून पुढं गेलं, ते नाही समजत," असे त्या म्हणत. त्यांनी लाकडी फळी घेतली. प्रत्येक वर्षासाठी खिळ्यांची एक उभी ओळ. सर्वांत वरचा खिळा पहिल्या क्रमांकाचा. प्रत्येक संस्थेचा एक रंगीत धागा आपल्या क्रमांकाच्या खिळ्याला वेढा घालून पुढच्या वर्षाकडे जाई. वाटेत धागे एकमेकांना छेदत, आणि कोणी कोणाला कधी ओलांडले ते दारातूनच दिसे.

हे धागे त्या बाजारातून आणत नसत. ज्या संस्थेचा क्रम, तिच्याच मागावरचे सूत. बाई स्वतः विणकराच्या घरच्या. संस्थांना त्या नावाने नव्हे, रंगाने ओळखत. विणकरही येऊन आपला धागा ओळखत आणि त्यावरून बोट फिरवत.

"आमची हिरवी काहून घसरली वं बाई?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"तुमच्या लुगड्याचा रंग गेला गा धुण्यात. पक्का रंग लावा, मीच वर नेतो का नाही पाहा."

"हातोडी तुह्या हाती, आता का बोलू!" म्हातारा हसत निघून गेला.

रोज सकाळी त्या प्रत्येक धागा नखाने टिचकी मारून पाहत. "ढिला धागा लोंबते. मंग संस्था खाली गेल्यासारखी दिसते." लोंबणारा धागा त्या पुन्हा ताणून बांधत; चहा त्यानंतर.

या फळीला वजन होते. वर्षभरात तपासणीत पास झालेल्या मालावरून क्रम ठरे, आणि वार्षिक प्रदर्शनात फळी पाहूनच पहिल्या तीन संस्थांना सूत आधी दिले जाई. सुताची तेव्हा टंचाई होती. चौथ्याचे माग कित्येकदा बंद पडत.

एका वर्षी तिसरी आली पिवळी, म्हणजे कुहीकडच्या एका खेड्यातली लहान संस्था. चौथी मोरपंखी. ती संघाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष फळीसमोर येऊन उभे राहिले. वर्तमानपत्रासाठी प्रदर्शनाचे वृत्त घ्यायला आलेले आम्ही तिथेच होतो.

"बाई, मोरपंखी तिसऱ्यावर घ्या."

बाईंनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. "घेतो. खाली कोणाले उतरवू?"

"कोणाला कशाला उतरवता? दोन्ही एकाच खिळ्यावर बांधा."

"मंग सूत बी अर्धं अर्धं द्यान का दोघाईले?"

"पिवळीला उतरवा मग! एवढं काय त्यात?"

"काही नाही साहेब. ज्यानं उतरवाचं, त्यानं बांधाचं."

अध्यक्षांना ही थट्टा वाटली. ते हसून गेले.

दुसऱ्या दिवशी मंडपात फळी लागली तेव्हा दोन धागे शेवटच्या वर्षाच्या अलीकडेच सुटे लोंबत होते: पिवळा आणि मोरपंखी. पाहुणे खुर्चीवर होते, विणकर समोर सतरंजीवर. पिवळीची माणसे पहिल्याच रांगेत, धुतलेल्या टोप्या घालून. बाईंनी माईक मागितला नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, "हे दोन धागे अध्यक्षसाहेब आपल्या हातानं बांधतीन. कोण वर, कोण खाली, ते तेच सांगतीन."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना उठावे लागले. मोरपंखी धागा त्यांनी हाती घेतला, तिसऱ्या खिळ्यापर्यंत नेला, आणि मागे वळून पाहिले. पहिली रांग त्यांच्या बोटांकडे पाहत होती.

धागा चौथ्या खिळ्यावर आला. गाठ त्यांना धड जमली नाही. पिवळा धागा तिसऱ्यावर बांधून झाल्यावर बाईंनी पुढे होऊन दोन्ही गाठी ताणून घेतल्या आणि टिचकी मारून पाहिली.

सूत खेड्यात गेले. बाईंच्या नोकरीची मुदत महिनाअखेर संपत होती. ती या वेळी वाढली नाही.

शेवटच्या दिवशी त्या फळीवरून पुढच्या वर्षाचे रिकामे खिळे उपटून काढत होत्या. हातोडी आणि खिळे त्यांनी घरून आणलेले होते. अध्यक्ष दारात आले. आवाज समजुतीचा होता.

"बाई, त्या दिवशी चूक झाली, एवढं चार लोकांसमोर म्हणा. मुदत वाढवून देतो."

बाईंच्या तोंडात खिळे होते. ते काढायला त्या थांबल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खिळ्याला हातोडीची मागची बाजू लावली.