भिंतीशी सोडलेली जागा

दुर्ग स्टेशनवर मला सोडायला बाबा ड्यूटीवरून थेट आले होते. पायात सेफ्टी शूज तसेच, बाहीवर विटांची पांढरट धूळ. पुण्याची गाडी हलली तेव्हा खिडकीसोबत चार पावलं चालत म्हणाले, "पोचला की फोन करजो. इकडची फिकीर नको करू."

ते दुसरं वाक्य मी फार मनावर घेतलं. पंचवीस वर्षं.

तुम्ही जे भिलाईच्या मरोदा सेक्टरात राहिलात, आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुमच्यापैकी कोणाला आमच्या क्वार्टरचं मागचं अंगण आठवत असेल. बाबांचं काम स्टील प्लांटच्या रिफ्रॅक्टरीतलं, म्हणजे भट्टीला आतून विटांचं अस्तर लावायचं. भंगारवाल्याकडून जुन्या विटा आणून त्यांनी त्या अंगणात तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या बसवल्या. आई म्हणायची, "घर कंपनीचं अन् मेहनत आपली. उद्या सोडून जा लागन." बाबा हसून विटांची ओळ धरायला सूत ताणायचे.

सोडून जावं लागलंच. रिटायर झालं की क्वार्टर परत करायचं, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक असतं. बाबांचा फोन आला, "सामान हलवाचं आहे. दोन दिवस येतं का?" मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही.

आता लिहून टाकतो. सुट्टी मिळाली होती. ते दोन दिवस मी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लोळून काढले. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. रिकाम्या अंगणात उभं राहून बाबा म्हणतील, आता तुझ्याकडेच येतो. नवं लग्न, दोन खोल्या, ही कारणं होती; पण खरं कारण मीच. सामान ताईनं आणि भाऊजींनी हलवलं आणि आई-बाबांना दुर्गच्या मोहन नगरला स्वतःच्या घरी नेलं. किल्ली देण्याआधी आईनं ते अंगण धुतलं, हे ताईकडून नंतर कळलं. तीन वर्षांनी आई वारली, तीही ताईच्याच घरी. ताईनं मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. तिचे उपकार मी इथं पहिल्यांदाच लिहितोय.

यंदा आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. फ्लोअरिंगच्या शोरूममध्ये सेल्समननं काही पट्ट्या जमिनीवर जोडून दाखवल्या. "हेरिंगबोन, सर. इंजिनिअर्ड ओक. वर खरं लाकूड, खाली प्लायचे थर, त्यामुळे वाकत नाही." आमच्या अंगणातल्या विटांचीच ती तिरपी मांडणी पाहून मी तिथंच उकिडवा बसलो. बायकोला, मनीषाला, फिकट राखाडी रंग हवा होता. मी मधाच्या रंगावर अडून बसलो.

"आजवर पडद्याचा रंगसुद्धा निवडला नाहीस," ती म्हणाली. "आज काय झालं?"

नमुन्याची एक पट्टी पिशवीत टाकली आणि मी दुर्गला गेलो.

बाबांनी पट्टी उलटी केली, कडेला नख मारलं. "ठीक आहे. भिंतीले किती जागा सोडून राहिले?"

"कसली जागा? मी कारागिरांना एकदम चिकटवून लावा म्हटलंय. फट वाईट दिसते."

"येडा आहे का तू? लाकूड फुगते. भट्टीत आमी विटांमंदी पुठ्ठा ठेवाचो. भट्टी तापली की पुठ्ठा जळे, विटेले फुगाले जागा भेटे. दाबून बसवली तं वीट फुटते."

ताई चहा ठेवून आत गेली. मी म्हणालो, "बाबा, क्वार्टर सोडलं तेव्हा मला सुट्टी होती."

ते पट्टीच पाहत राहिले. "माहीत आहे. दुसऱ्या दिवशी फोन केला होता मी. सूनबाईनं उचलला. म्हणे, घरीच आहेत, झोपले आहेत. मी म्हटलं, झोपू दे."

"मग बोलले कावून नाही?"

"बोललो असतो तं तू फोन कराचाच बंद झाला असता." मग पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "काम कधी सुरू करून राहिला? मी येतो. सूत मी धरतो."

क्वार्टर सुटल्यापासूनच्या पंधरा वर्षांत मी त्यांना "या" म्हणालो होतो. "राहायला या" कधीच नाही. तरी ते आले.

कारागिरांनी आधी त्यांना खुर्ची दिली. दुपारपर्यंत तेच खुर्चीजवळ येऊन विचारू लागले. "दीवार का भरोसा मत करो, भाई," बाबा सांगत होते, "कमरे के बीच से लाइन पकड़ो." ताईनं दिलेल्या पेढ्यांच्या खोक्याचे तुकडे कापून त्यांनी स्वतः भिंतीच्या कडेनं खोचले, बोटभर जागा राखली. काम संपल्यावर तुकडे काढले आणि वरून लाकडी पट्टी बसली. आता फट कोणाला दिसत नाही.

तुझं घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी अजूनही भिलाईच सांगतो. पण परवा ऑफिसातून निघताना "घरी जातो" म्हणालो तेव्हा डोळ्यांसमोर सकाळी अनवाणी फिरून पट्ट्यांचे सांधे तपासणारे बाबा आले.

मंगळवारचं त्यांचं परतीचं तिकीट होतं. सोमवारी चहा घेताना मी म्हणालो, "बाबा, जाऊ नका. इथंच राहा." ज्या वाक्याच्या भीतीनं मी लपून बसलो होतो, ते शेवटी मलाच म्हणावं लागलं.

बाबांनी पायाचा अंगठा एका सांध्यावरून फिरवला. "पावसाळ्यापर्यंत राहतो," ते म्हणाले. "लाकूड तवाच फुगते. पाहाले कोणी पाह्यजे ना."