चामराजपेटेतली गडगड

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रघुपतीराव मोरे घरासमोरच्या बोळात पाण्याच्या पिंपात मोटर चालवत होते. मोटर जपानी, वीस वर्षांची, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात तसली. बंगळुरातल्या चामराजपेटेत बोट कुणाकडेच नाही. पण बोळ या आवाजाला सरावला होता. समोरच्या बाईंनी वाळत घातलेली साडी तेवढी धुराच्या वाटेतून बाजूला घेतली आणि त्या आत गेल्या.

मोटर सुरेख चालत होती. अडचण नेमकी हीच होती, कारण ती आजारी म्हणून आली होती.

शहराबाहेर, येलहंक्याच्या पलीकडे एका तलावावर वल्ही मारणाऱ्यांचा लहानसा क्लब होता. त्याची बचाव बोट या मोटरवर चाले. १९९७ च्या नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तिथे शाळांची शर्यत होती, आणि बचाव बोट चालू नसेल तर वल्ह्याची एकही होडी पाण्यात जायची नाही असा क्लबचा नियम होता. शर्यत व्हायची की नाही ते या पिंपावर ठरणार होतं.

रघुपतीरावांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं, असं घरात सांगत. ते स्वतः मात्र येलहंक्याच्या पुढे फारसे कधी गेले नव्हते. जे. सी. रोडवरच्या एका कारखान्यात ते काम शिकले, मग घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं. मुख्य धंदा पंपांचा आणि जनरेटरचा. वीज रोज जात असल्यामुळे तो बरा चालत होता. बोटीच्या मोटरी मधूनच येत. पंचाहत्तर साली मासळीच्या एका ठेकेदारानं एक आणली होती, ती दुसरं कुणी हातात घेईना म्हणून यांनी घेतली, आणि तेव्हापासून गावातली तसली प्रत्येक मोटर त्यांच्याकडेच यायची. त्यांना पोहता येत नव्हतं. ते कधी बोटीत बसलेही नव्हते. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

उगाच कुठलं यंत्र उघडायचं नाही, ही त्यांची ख्याती होती. आधी निदान, मग पाना. निदान बहुतेक वेळा फोनवरच व्हायचं, आणि त्याची एक रीत होती. आवाज कसा येतो ते गिऱ्हाईकानं शब्दात सांगायचं नाही, तोंडानं काढून दाखवायचं. या गावात एकाच खडखडाटाला कानडी माणूस एक म्हणतो, तमिळ माणूस दुसरं, उर्दूवाला तिसरं. तोंड मात्र सगळ्यांचं सारखंच. लोक आधी लाजत, मग काढत. एका निवृत्त न्यायाधीशांनी जनरेटरचा खोकला इतका हुबेहूब काढला होता, की त्यांच्या पत्नीनं पाण्याचा पेला पुढे केल्याचं इकडे फोनवर ऐकू आलं.

मंगळवारी फोन आला तो विलास दांडेकरचा. विलास पुण्याचा, तीन वर्षांपूर्वी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलेला, तिशीतला. क्लबच्या बोटींची व्यवस्था तो हौसेनं पाहत असे.

“काका, मोटर बिघडली. थ्रॉटल पूर्ण दिला ना, की गडगडते.”

“गडगड?”

“प्रचंड गडगड.”

“हळू चालवली तर?”

“तेव्हा काही नाही. स्पीड घेतला की सुरू.”

“सरी, ठीक. पाठवून द्या.”

श्यामलाबाई, म्हणजे रघुपतीरावांच्या पत्नी, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुपारचे फोन त्याच घेत, आणि आवाज ओळखण्यात त्यांचा कान नवऱ्याइतकाच तयार झाला होता.

“आवाज काढायला नाही लावला?”

“कशाला? आपल्यातला पोरगा आहे. मराठीत सांगितला की स्वच्छ.”

श्यामलाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं रघुपतीरावांना तेहेतीस वर्षं ऐकू येत होतं, पण त्या दिवशी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

विलासच्या पुण्यात गडगडतात ते ढग. रघुपतीरावांच्या चामराजपेटेत गडगडतो तो माणूस, हिवतापानं किंवा थंडीनं. हा शब्द त्यांच्या घरात कानडीतून आला की कानडीला त्यांनी दिला, हे कुणी शोधलेलं नाही. पण लहानपणी ताप आला की आई म्हणायची, पोर गडगड कापतंय. तेव्हा विलासनं सांगितलं मोटर घुमते, आणि रघुपतीरावांनी ऐकलं मोटर थरथरते. दोघांचंही मराठी शुद्ध होतं.

त्यामुळे मोटर भाजीच्या टेम्पोतून आल्यावर त्यांनी थरथरीवर जे जे उपाय असतात ते सगळे केले. बैठकीची रबरं काढून नवी बसवली. पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं वाटलं, ते ठोकून सरळ केलं, कानशीनं घासून तिन्ही पाती तोलली. प्लग बदलले. गुरुवारी सकाळी पिंपात मोटर चालू असताना त्यांनी तिच्या टोपावर कॉफीनं भरलेला स्टीलचा लोटा ठेवला. थेंबही सांडला नाही. मग त्यांनी ती कॉफी प्यायली आणि मोटर परत पाठवली.

शुक्रवारी अकरा वाजता विलासचा ऑफिसातून फोन आला. सकाळी बोट पाण्यात घालून पाहिली होती. गडगड तशीच होती.

या वेळी फोन श्यामलाबाईंनी घेतला.

“आवाज काढा,” त्या म्हणाल्या.

“काकू, मी ऑफिसात आहे.”

“मग हळू काढा.”

विलासनं रिसीव्हर हातानं झाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि घशातून एक लांब आवाज काढला. शेजारच्या टेबलावरची हैदराबादची मुलगी उठून उभी राहिली.

“आणखी एकदा. शेवट नीट ऐकू आला नाही.”

त्यानं पुन्हा काढला. श्यामलाबाईंनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला. त्यांच्यासाठी विलासनं तो तिसऱ्यांदा काढला.

“अहो, हे गुडुगुडु आहे. गडगड कुठाय यात?”

“काका, हीच गडगड! ढग गडगडतात तशी.”

“ढग गुडगुडतात. गडगडतो तो माणूस, थंडीनं.”

“थंडीनं माणूस कुडकुडतो, काका.”

रघुपतीरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“मी मोटर थरथरते म्हणून दुरुस्त केली,” रघुपतीराव म्हणाले.

“ती थरथरत नव्हतीच.”

“आता तर मुळीच थरथरायची नाही.”

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. मोटरच्या खालच्या पायात तीन दातेरी चाकं असतात. गुडुगुडु आवाज, तोही जोर पडल्यावरच, म्हणजे तीच झिजली असणार. कंपनीनं तो भाग बनवणं कधीच बंद केलं होतं. चाकं गेली असतील तर मोटर भंगारात, शर्यत रद्द, आणि नसलेल्या रोगावर आपण दोन दिवस औषध करत होतो हे साऱ्या क्लबला कळणार. पिंपात हा आवाज येणारच नव्हता. पिंपात मोटरला ओढायला काही नसतं.

“जाऊन बसा त्यात,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“कशात?”

“बोटीत.”

“मी दुरुस्त करतो. बसायचं काम त्यांचं.”

“बरं. मग जपानहून कुणी येईल बसायला.”

शनिवारी सकाळी ते तलावावर पोचले. क्लबचा नावाडी गुंडो, बेळगावकडचा, पन्नाशीचा माणूस, त्यांच्या अंगात नारिंगी जाकीट चढवू लागला.

“ही नाडी कशाला?”

“पाण्यात पडला तर जाकीट वर जाऊन तोंड झाकू नये म्हणून, अण्णा.”

“घट्ट बांध.”

गुंडो सुकाणूला बसला, विलास मधल्या फळीवर, आणि रघुपतीराव मोटरीजवळ, एक हात फळीला घट्ट धरून. दुसऱ्या हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर होता.

“मधोमध बसा, अण्णा.”

“मधोमधच बसलोय.”

“हलू नका.”

“हलून जाणार कुठं?”

बोट किनाऱ्यापासून निघाली. हळू होती तोवर काही नव्हतं. मग गुंडोनं वेग वाढवला, बोटीनं नाक वर केलं, आणि आवाज आला. शुक्रवारी विलासनं घशातून काढलेल्या आवाजापेक्षा तो मोठा होता, बाकी तंतोतंत.

रघुपतीरावांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या पायावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग टोक थोडं वर घेतलं, पुन्हा खाली. एवढा वेळ ते डोळे मिटून होते, त्यामुळे चारी बाजूंनी पाणी आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

“हिच्यात काही नाही,” ते म्हणाले.

“मग हा आवाज कुठला?” विलासनं विचारलं.

रघुपतीरावांनी मान वळवली नाही. वळवायची तर फळी सोडावी लागली असती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बोटीच्या नाकाकडे रोखला. “पुढचा.”

गुंडोनं मोटर बंद केली. बोटीचं नाक खाली आलं, काहीतरी एकदा गुडगुडत पुढे गेलं आणि थांबलं. विलास सरकत पुढे गेला. नाकाशी झाकलेली पोकळी होती, तिच्यात त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. आधी एक पोचारा निघाला, नंतर प्लास्टिकचा मग, आणि शेवटी हळदकुंकू लावलेला अख्खा नारळ.

“हा काय प्रकार?”

“आयुधपूजेचा आहे, साहेब, दसऱ्यातला,” गुंडो म्हणाला.

“इथे ठेवलास?”

“तुम्हीच बोर्ड लावला की, बोटीवर नारळ फोडू नये. गेल्या वर्षी फायबर तडकलं म्हणून. मग न फोडता ठेवला.”

“नंतर काढायचा ना!”

“पूजेचा नारळ, तोही न फोडलेला, मी आपल्या मनानं कसा काढू? तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.”

“अरे, आवाज येत होता तेव्हा तरी बोलायचंस!”

“तुम्ही म्हणालात मोटरचा आहे. मोटरमधलं मला काय कळतं?”

विलास नारळ मांडीवर घेऊन बसला. रघुपतीरावांनी वेग पूर्ण लावून आणखी एक फेरी मारायला सांगितली. बोटीनं नाक वर केलं. मोटर एकसुरी चालत राहिली, दुसरा कसलाही आवाज आला नाही. तलावाच्या बरोबर मध्यावर विलासनं विचारलं, “काका, म्हणजे मोटरला काही झालंच नव्हतं?”

रबरं जुनी होती, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं ते.

“नव्हतं,” रघुपतीराव म्हणाले. “मी उगाच उघडली.”

विलासनं मान डोलावली. “मीही ऑफिसात उगाच ओरडलो.”

घाटाला लागल्यावर गुंडोनं हात देऊन रघुपतीरावांना उतरवलं. दोन्ही पाय दगडावर टेकल्यावर ते म्हणाले, “रबरं मात्र अगदी गेली होती.” विलासनं बोर्ड बोटीवर फोडण्याबद्दल आहे, घाटावर फोडण्याबद्दल नाही, असा खुलासा केला आणि गुंडोनं नारळ पायरीवर आपटला. खोबरं चांगलं निघालं. तिघांनी खाल्लं, उरलेला अर्धा श्यामलाबाईंसाठी वर्तमानपत्रात बांधून दिला.

शर्यतीला सात शाळा यायच्या होत्या. शर्यत होणार हे आता ठरलं होतं; शाळा कधीही येवोत, दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला, बचाव बोट पाण्यात उतरणार होती.